कर्नलमधलं भोक बुजवायचंय? पहिल्या पॅचआधी हे वाचा

लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे त्याच्या गाभ्याला, मी पाठवलेला पहिला पॅच (कोडमधली दुरुस्ती) दोन ओळींचा होता आणि दोन्ही ओळी चुकीच्या होत्या. एका जुन्या यूएसबी ड्रायव्हरमध्ये फ्री झालेली मेमरी पुन्हा वापरली जात होती, म्हणजे सुरक्षेतलं भोकच. मशीन जिथे कोसळत होतं तिथेच मी ‘पॉइंटर नल असेल तर परत फिर’ असं लिहिलं आणि मोकळी झाले. चाचणीत क्रॅश दिसला नाही. मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये रात्री बारा वाजता आईला उठवून सांगितलं, की लिनक्समध्ये आता माझं नाव येणार. “बरं, आता झोप,” ती म्हणाली. दोन दिवसांनी मेंटेनरचं, म्हणजे तो कोड सांभाळणाऱ्या माणसाचं, एवढंच उत्तर आलं: ही मेमरी फ्री कोण करतं, आणि ती फ्री होताना हे काम थांबलेलं असतं याची हमी कुठे आहे?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते सापडेपर्यंत तीन आठवडे आणि पॅचच्या आणखी तीन आवृत्त्या गेल्या. त्यानंतर ऑफिसमधली आणि नात्यातली पोरं “ताई, कर्नलमध्ये सुरुवात कुठून करू?” असं विचारायला लागली. दर वेळी तेच ते सांगून कंटाळले, म्हणून एकदाचं लिहून टाकते आहे. तुम्हाला सी येतं, लिनक्स रोज वापरता, पण कर्नलच्या सोर्सला कधी हात लावला नाही, असं धरून चालते. कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजी स्पेलिंग लागेल.

आधी जवळ काय हवं

- १६ जीबी रॅमचा लॅपटॉप आणि एसएसडीवर साठेक जीबी मोकळी जागा. ८ जीबीतही जमतं, फक्त ब्राउझर बंद ठेवावा लागतो.
- जीसीसी, मेक, फ्लेक्स, बायसन, शिवाय लिबएल्फ आणि ओपनएसएसएलच्या डेव्हलपमेंट फाइली.
- क्यूएमू, म्हणजे आपल्या मशीनच्या आत आभासी मशीन चालवणारं साधन. ज्या मशीनवर काम करता त्याच मशीनवर सदोष कर्नल चालवून बघायचं नसतं.
- गिट, आणि सोबत गिट-सेंड-ईमेल. उबंटूत हे वेगळं पॅकेज आहे, हे भल्याभल्यांना ऐन पाठवायच्या वेळी कळतं.
- साधा मजकूर पाठवता येईल असा ईमेल. जीमेल चालतं, पण टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून ॲप पासवर्ड काढावा लागतो.
- सोर्समधल्या डॉक्युमेंटेशन/प्रोसेस फोल्डरमधल्या चार फाइली: सबमिटिंग-पॅचेस, सिक्युरिटी-बग्ज, स्टेबल-कर्नल-रूल्स, कोडिंग-स्टाइल. दोन संध्याकाळी लागतात. वाचाच.
- नोकरीत असाल तर कंपनीची लेखी परवानगी.

शेवटचा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात. प्रत्येक पॅचखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ लिहावी लागते. हा कोड देण्याचा मला अधिकार आहे, असं तुम्ही त्या ओळीतून जाहीर करता. अनेक कंपन्यांच्या करारात कर्मचाऱ्याने लिहिलेला कोड कंपनीचा, असं कलम असतं. माझ्या तेव्हाच्या ऑफिसात एचआरला वाटलं मी दुसरी नोकरी धरली आहे. पगार मिळत नाही, हे पटवण्यातच दीड महिना गेला. तेव्हा परवानगीचा अर्ज आधी टाका, उत्तर येईपर्यंत सोर्स वाचा.

१. हे भोक जगाला माहीत आहे का, ते ठरवा

पुढची सगळी वागणूक यावर ठरते.

नवख्या माणसाने सिझबॉटच्या यादीतून बग उचलावा. गूगलचं सिझकॉलर नावाचं साधन कर्नलवर सतत वेडेवाकडे सिस्टिम कॉल मारत असतं. सिझबॉट हा त्याचा स्वयंचलित भाऊ सापडलेले क्रॅश जाहीर करतो. प्रत्येक बगसोबत कोणत्या कमिटवर घडला, कोणती कॉन्फिग फाइल होती, आणि अनेकदा तो पुन्हा घडवणारा छोटा सी प्रोग्राम मिळतो. हे आधीच उघड असल्यामुळे लपवाछपवीचा प्रश्न नाही. पॅच थेट कर्नलच्या जाहीर ईमेल यादीवर पाठवायचा.

पण भोक तुम्हाला स्वतःला सापडलं असेल, आणि साध्या वापरकर्त्याला त्यातून रूट होता येईल अशी शंका असेल, तर गप्प राहायचं. मित्रांच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकू नका. कर्नलच्या सिक्युरिटी टीमला (‘सिक्युरिटी’ ॲट ‘कर्नल’ डॉट ‘ऑर्ग’) आणि त्या भागाच्या मेंटेनरला साध्या मजकुरात पत्र लिहा: कोणती आवृत्ती, काय केल्यावर घडतं, रिपोर्ट, आणि सुचत असेल तर फिक्स. ही टीम फिक्स तयार करण्यात मदत करते. फिक्स तयार झाल्यावर तो जास्तीत जास्त ७ दिवस रोखून धरता येतो, अगदीच अपवाद म्हणून १४. डिस्ट्रोवाल्यांची एक वेगळी बंद ईमेल यादी आहे. मेंटेनरने फिक्स मान्य करेपर्यंत तिकडे जाऊ नका, असं कर्नलच्याच नियमात लिहिलं आहे.

आणि पहिल्या पत्रात सीव्हीई नंबर (सुरक्षेतल्या भोकाचा जाहीर ओळख क्रमांक) मागू नका. त्याबद्दल शेवटी सांगते.

२. सोर्स आणा, तोही पूर्ण

गिट क्लोन अर्ध्यात तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी एकदा तरी लाईन जाते, राउटर बंद पडतो, आणि ८० टक्के आलेला सोर्स हवेत विरतो. तीनदा हे भोगल्यावर कळलं, की कर्नल डॉट ऑर्गवर ‘क्लोन डॉट बंडल’ नावाची फाइल मिळते. ती डब्ल्यूगेटला मायनस सी देऊन उतरवली तर जिथे तुटलं तिथून पुढे चालू होते. मग त्या बंडलमधून क्लोन करायचं, रिमोटचा पत्ता बदलायचा आणि उरलेलं ओढून घ्यायचं.

डेप्थ १ देऊन उथळ क्लोन करायचा मोह होईल. करू नका. फिक्स करताना ‘हा बग कोणत्या कमिटने आणला’ हे शोधावंच लागतं, आणि उथळ क्लोनमध्ये इतिहासच नसतो.

३. बिल्ड करा, पण उन्हं उतरल्यावर

सिझबॉटने दिलेली कॉन्फिग फाइल आणि तेच कमिट घ्या. स्वतःचं बनवायचं असेल तर डीफकॉन्फिग, त्यावर केव्हीएम_गेस्ट डॉट कॉन्फिग, मग कासॅन (मेमरीच्या चुका पकडणारं साधन), डीबग इन्फो आणि प्रूव्ह लॉकिंग (लॉकच्या चुका पकडणारं) चालू करून ओल्डडीफकॉन्फिग. कासॅन कर्नलमध्ये ४.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून आहे. दर ८ बाइट मेमरीमागे तो १ बाइट हिशेबाला ठेवतो आणि प्रत्येक वाचन-लेखनाआधी तो हिशेब तपासतो. म्हणून कर्नल संथ होतं. ते मान्य करायचं.

नवतप्यात पारा ४५ च्या वर असताना दुपारी बिल्ड लावला, तर लॅपटॉप तापून आपला वेग स्वतःच कमी करतो. माझ्या मशीनवर पहाटे पाचला ५० मिनिटांत होणारा बिल्ड दुपारी कूलरसमोर ठेवूनही दीड तास खायचा. कूलरची दमट हवा लॅपटॉपच्या तोंडावर मारू नका, पंख्याखाली ठेवा. मेक मायनस जेला सगळे कोअर देण्याऐवजी दोन कमी द्या, आणि सीकॅश बसवा म्हणजे दुसऱ्या वेळेपासून हाल कमी होतात. मेक मध्येच थांबलं तरी पुन्हा लावल्यावर उरलेल्याच फाइली करतं, एवढी त्याची मेहरबानी.

तयार झालेलं कर्नल क्यूएमूमध्ये चालवायचं. डिस्क इमेज सिझकॉलरच्या क्रिएट-इमेज स्क्रिप्टने बनते. तेवढाही खटाटोप नको असेल तर व्हर्टमी-एनजी घ्या.

४. बग स्वतःच्या डोळ्यांनी घडताना बघा

ही पायरी गाळायची नाही. बग तुमच्याकडे घडतच नसेल, तर तुमच्या पॅचने तो गेला हे तुम्ही कशाच्या जोरावर म्हणणार?

रेस असलेले, म्हणजे दोन कामांच्या वेळेच्या शर्यतीतून घडणारे बग एका फेरीत दिसत नाहीत. प्रोग्राम लूपमध्ये टाका, क्यूएमूला दोन किंवा चार सीपीयू द्या. माझा बग साधारण चाळीस वेळा चालवल्यावर एकदा यायचा. किती फेऱ्यांत येतो ते वहीत लिहून ठेवा. पॅचनंतर त्याच्या दहापट फेऱ्या मारायच्या आहेत.

५. कासॅनचा रिपोर्ट वाचा: तीन माणसांच्या तीन साक्षी

पहिल्यांदा हा रिपोर्ट स्क्रीनवर आला की धडकी भरते. शंभरेक ओळी, हेक्साडेसिमल आकडे, अनोळखी फंक्शनं. पण कामाचं तेवढंच वेगळं काढलं तर सांगाडा असा असतो:

बग: कासॅन: स्लॅब-यूज-आफ्टर-फ्री, अमुक_वर्क या फंक्शनमध्ये
राइट ऑफ साइज ८, टास्क केवर्कर
… (पहिला स्टॅक: आत्ता कोणी हात लावला)
अलोकेटेड बाय टास्क … (दुसरा स्टॅक: कोणी घेतली)
फ्रीड बाय टास्क … (तिसरा स्टॅक: कोणी सोडली)

म्हणजे एकाच मेमरीबद्दल तीन साक्षीदार. नवखा माणूस पहिल्याचीच साक्ष ऐकतो, कारण क्रॅश तिथे झालेला असतो. मीही तेच केलं होतं. गुन्हा मात्र बहुतेक वेळा पहिल्या आणि तिसऱ्या साक्षीच्या मधल्या फटीत असतो.

प्रत्येक स्टॅकमधल्या वरच्या तीन-चार ओळी कासॅनच्या स्वतःच्या असतात, त्या सोडा. आपल्या ड्रायव्हरचं पहिलं फंक्शन दिसेल तिथून वाचायला घ्या. स्क्रिप्ट्स फोल्डरमधल्या डीकोड_स्टॅकट्रेसला व्हीएमलिनक्स फाइल दिली, की पत्त्यांच्या जागी फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक येतो. रिपोर्टच्या तळाशी शॅडो बाइट्सचा, म्हणजे कासॅनच्या त्या हिशेबाच्या बाइट्सचा चौकोन असतो. त्यात एफबी म्हणजे फ्री झालेली स्लॅब मेमरी, एफसी म्हणजे दोन वस्तूंमधली राखीव पट्टी. एफसीवर बाण असेल तर फ्रीचा मामला नाही, कोणीतरी हद्द ओलांडली आहे.

माझ्या रिपोर्टमध्ये दुसरी साक्ष प्रोब फंक्शनची होती: डिव्हाइस लावलं, मेमरी घेतली. तिसरी डिस्कनेक्टची: डिव्हाइस काढलं, केफ्री केलं. आणि पहिली केवर्करची, म्हणजे मागे रांगेत लागलेल्या कामाची. डिव्हाइस निघून गेलं, मेमरी सुटली, आणि नंतर ते काम उठून जुन्या पत्त्यावर लिहायला गेलं.

यात सुरक्षेचा प्रश्न कुठे आला, असं माझ्या मावसभावाने विचारलं होतं. त्याला गाडीचं उदाहरण दिलं. तुम्ही नागपूरला उतरलात. टीसीने तुमची बर्थ आरएसीवाल्याला दिली. तुमचा मित्र मात्र पॅन्ट्रीतून चहा घेऊन निघाला आहे आणि त्याला फक्त बर्थ नंबर माहीत आहे. तो येऊन चहा त्या अनोळखी माणसाच्या हातात देणार. आता त्या बर्थवर कोण बसेल हे ज्याला ठरवता येतं, आणि कपात काय असेल हेही ज्याला ठरवता येतं, तो हल्लेखोर. सुटलेल्या जागी आपल्या सोयीची वस्तू आणून बसवायची आणि कर्नलकडूनच तिच्यात लिहून घ्यायचं, असा हा धंदा आहे.

६. कारण शोधा, लक्षण दाबू नका

माझा नल चेक का फोल होता? वर्क फंक्शनला पॉइंटर मिळतो तो कंटेनर_ऑफने काढलेला, म्हणजे वर्कच्या पत्त्यातून वजाबाकी करून. तो कधीच नल होत नाही. फ्री झालेली मेमरीही नल होत नाही, ती फक्त दुसऱ्याची होते. माझ्या चाचणीत क्रॅश गेला कारण मी दहाच फेऱ्या मारल्या होत्या. चौथा टप्पा इतक्या पोटतिडकीने का लिहिला, ते आता कळलं असेल.

मेंटेनरच्या प्रश्नानंतर कागदावर दोन उभ्या रेघा मारल्या. डावीकडे डिस्कनेक्ट काय करतं, उजवीकडे वर्क काय करतं. ड्रायव्हर असा चालायचा: यूआरबी (यूएसबी डिव्हाइसला पाठवलेली मागणी) पूर्ण झाला की त्याचा हँडलर डिलेड वर्क रांगेत लावतो, आणि ते वर्क शेवटी तोच यूआरबी पुन्हा पाठवतं. डिस्कनेक्टमध्ये यूएसबी_किल_यूआरबी होतं आणि लगेच केफ्री.

दुसऱ्या आवृत्तीत मी डिस्कनेक्टच्या अगदी सुरुवातीला कॅन्सल_डिलेड_वर्क_सिंक टाकलं. तेही चूक. वर्क रद्द झाल्यावर, पण यूआरबी मारण्याआधी, तो यूआरबी पूर्ण झाला तर हँडलर वर्क पुन्हा रांगेत लावतो.

तिसऱ्या आवृत्तीत क्रम फिरवला: आधी यूआरबी मारा, मग वर्क रद्द करा. दिसायला बिनचूक. पण यूआरबी मारला त्या क्षणी वर्क चालू असेल, तर ते आपलं काम संपवताना यूआरबी पुन्हा पाठवतं. कॅन्सल त्या वर्कची वाट बघतं, वर्क संपतं, आणि यूआरबी जिवंत राहतो. साप मारला आणि पिल्लू मागे राहिलं.

चौथी आवृत्ती अशी:

१. यूएसबी_पॉइझन_यूआरबी. हा यूआरबी मारतो आणि पुढे कोणी पाठवला तर नकार देतो.
२. कॅन्सल_डिलेड_वर्क_सिंक. आता वर्क चालू असलं तरी त्याचं पाठवणं फसतं.
३. केफ्री.

एकूण फरक तीन ओळींचा. आधी उगम बंद, मग रांग रिकामी, मग मेमरी. हा क्रम ड्रायव्हरांमधल्या अर्ध्याअधिक यूज-आफ्टर-फ्रीला लागू पडतो, असा माझा अनुभव आहे. एक सापळा तेवढा लक्षात ठेवा: सिंक असलेलं कॅन्सल म्युटेक्स (लॉक) धरून बोलावू नका. वर्कलाही तोच म्युटेक्स हवा असेल तर दोघं एकमेकांची वाट बघत बसतील. लॉकडेप ते पकडतं, म्हणून तर प्रूव्ह लॉकिंग चालू ठेवायला सांगितलं.

बाकीचे प्रकार भराभर सांगते. वापरकर्त्याकडून आलेल्या आकड्याचा गुणाकार करून मेमरी घेताना ओव्हरफ्लो होत असेल, तर स्ट्रक्ट_साइझ किंवा चेक_मल_ओव्हरफ्लो. मोजणी ॲटॉमिक_टीने केली असेल तर रिफकाउंट_टी, जो आकडा उलटला की ओरडतो. स्ट्रक्चर कॉपी_टू_यूजरने बाहेर जात असेल तर आधी पूर्ण शून्य करा. सगळी फील्डं भरली तरी त्यांच्या मधल्या पॅडिंगमधून कर्नलची जुनी मेमरी गळते. आणि यूजरकडून लांबी दोनदा वाचली जात असेल तर पहिली तपासली जाते आणि दुसरी वापरली जाते, मधल्या काळात दुसरा थ्रेड ती बदलतो. एकदाच वाचा.

डर्टी पाइप हे गाजलेलं भोक आठवतं? २०२२ चं, सीव्हीई-२०२२-०८४७. मॅक्स केलरमन यांना ग्राहकाच्या लॉग फाइली बिघडत असल्याच्या तक्रारीतून ते सापडलं. पाइपच्या बफरमधलं फ्लॅग्ज हे फील्ड नव्याने भरताना शून्य केलंच जात नव्हतं. फिक्स म्हणजे दोन फंक्शनांत प्रत्येकी एक ओळ: फ्लॅग्ज बरोबर शून्य. पण ५.८ पासूनच्या कर्नलवर कोणालाही, फक्त वाचायची परवानगी असलेल्या फाइलीत लिहिता येत होतं.

‘दोन फंक्शनांत’ हे मुद्दाम सांगितलं. एका जागी भोक दिसलं की त्याची सख्खी भावंडं शोधायची. २०१६ मध्ये डर्टी काऊ नावाचं भोक बुजवलं गेलं. ते भोक फार जुनं होतं, आणि आपण ते अकरा वर्षांपूर्वी बुजवायचा प्रयत्न केला होता असं लिनस टोरवाल्ड्स यांनी त्या कमिटमध्ये स्वतःच लिहिलं. एवढं होऊनही मेमरीच्या मोठ्या पानांच्या वाटेवर एक फट उरली आणि २०१७ मध्ये वेगळा सीव्हीई काढावा लागला. मोठे लोकही चुकतात, आपण तर काय बाप्पा! त्याच फोल्डरमध्ये ग्रेप मारा. माझ्या ड्रायव्हरच्या शेजारच्याच फाइलीत हुबेहूब तसाच बग निघाला.

७. पॅच लहान ठेवा आणि हातात मोडून बघा

फिक्ससोबत कोडची साफसफाई करू नका. इंडेंट सुधारायची खाज आली तर वेगळा पॅच करा. स्टेबलच्या, म्हणजे आधी निघालेल्या आवृत्त्यांना फिक्स पोचवणाऱ्या शाखांच्या नियमात पॅच आजूबाजूच्या ओळी धरून १०० ओळींच्या आत हवा.

मग: जुना प्रोग्राम दहापट फेऱ्या, डिव्हाइस लावणं-काढणं नेहमीसारखं चालतं का, लॉकडेप शांत आहे का. सिझबॉटचा बग असेल तर त्याच्या पत्राला ‘#सिझ टेस्ट’ असं लिहून पॅच जोडून उत्तर पाठवा, तो स्वतःच्या मशीनवर तपासून निकाल कळवतो. फुकटची प्रयोगशाळा आहे, वापरा.

शेवटी चेकपॅच (पॅचची मांडणी तपासणारी स्क्रिप्ट), स्ट्रिक्टसकट. इंडेंटला टॅब, तोही आठचा.

८. कमिटचा मजकूर: कोडपेक्षा इथे जास्त वेळ द्या

तीन ओळींच्या फिक्ससाठी मी अठरा ओळी लिहिल्या, आणि मेंटेनरने त्यातला एक शब्दही कमी करायला सांगितला नाही. मथळ्यात आधी विभाग, मग ड्रायव्हर, मग काय केलं ते, आज्ञार्थी. खाली: कोणत्या दोन गोष्टींचा क्रम चुकतो, त्यातून काय घडतं, फिक्स ते का थांबवतो. ओळ ७५ अक्षरांच्या आत. ‘अत्यंत गंभीर’ वगैरे विशेषणं गाळा.

खाली टॅग:

- फिक्सेस: बग आणणाऱ्या कमिटचे पहिले १२ अंक आणि त्याचा मथळा.
- रिपोर्टेड-बाय: सिझबॉटने दिलेला पत्ता जसाच्या तसा, नाहीतर बग त्याच्याकडे उघडाच राहतो.
- सीसी: स्टेबलचा पत्ता.
- साइन्ड-ऑफ-बाय: तुमचं नाव.

फिक्सेस टॅगमध्ये मी तोंडावर आपटले. गिट ब्लेमने जे कमिट दाखवलं ते मी डोळे मिटून लिहिलं. ते निघालं मोकळ्या जागा नीट करणारं कमिट. खरा बग त्याच्या कितीतरी वर्षं आधीचा. चुकीच्या टॅगमुळे जुन्या स्टेबल शाखांना फिक्स मिळालाच नसता. गिट लॉग मायनस मोठा एसला फंक्शनचं नाव देऊन ती ओळ पहिल्यांदा कधी आली ते शोधा.

नावाचाही घोळ होतो. आपल्याकडे आधारवर वडिलांचं नाव मध्ये, ईमेलवर नुसतं नाव-आडनाव, आणि गिटमध्ये कॉलेजातलं टोपणनाव. फ्रॉम आणि साइन्ड-ऑफ जुळले नाहीत की चेकपॅच बोंबलतो. एकच रूप ठरवा, सगळीकडे तेच. निनावी पॅच घेतले जात नाहीत.

९. पाठवा

गेट_मेंटेनर स्क्रिप्टला पॅच फाइल द्या, कोणाला पाठवायचं ते ती सांगते. जीमेलच्या वेबपेजवर पॅच चिकटवू नका. टॅबच्या जागा होतात, ओळी तुटतात, आणि एचटीएमएल पत्र यादीवर पोचतच नाही. गिट-सेंड-ईमेलनेच पाठवा. पहिल्यांदा फक्त स्वतःला पाठवा, आलेलं पत्र सेव्ह करा, गिट एएमने कोऱ्या शाखेवर लावून बघा. लागलं तर पुढे.

पत्राच्या सुरुवातीला ‘रिस्पेक्टेड सर’ आणि शेवटी ‘काइंडली डू द नीडफुल’ नको. समोरचा माणूस सर असेलच असंही नाही.

१०. उत्तर आलं की

उत्तर मुद्द्याखाली मुद्दा लिहा, वरती गठ्ठ्याने नको. नवीन आवृत्तीवर ‘व्ही२’ असा आकडा, आणि काय बदललं ते तीन डॅशच्या खाली. नेटवर्किंगच्या विभागात २४ तासांच्या आत नवी आवृत्ती पाठवू नये असा नियमच आहे. इतरत्रही तेवढा दम धरा. उत्तर आलं नाही तर निदान एक आठवडा थांबून मग आठवण करा.

प्रश्न आला आणि उत्तर माहीत नसेल तर ‘बघून सांगते’ म्हणा. थाप मारू नका. २०२१ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी मुद्दाम सदोष पॅच पाठवून प्रयोग केल्याचं बाहेर आलं. तेव्हा त्या अख्ख्या विद्यापीठाचे पॅच थांबवले गेले आणि जुने पुन्हा तपासले गेले. हल्ली एआयकडून पॅच लिहून घेऊन न वाचता पाठवणारेही त्याच नजरेने बघितले जातात. ‘फ्री कोण करतं?’ या प्रश्नाला उत्तर देताना तुम्ही एकटेच असता.

११. पॅच घेतला गेला. पुढे?

आधी विभागाच्या शाखेत, मग मुख्य कर्नलमध्ये, मग स्टेबलमध्ये. दर ९-१० आठवड्यांनी नवी आवृत्ती येते, पण फिक्सना नवे बदल घ्यायच्या खिडकीची वाट बघावी लागत नाही, ते मधल्या आरसींमध्येही (रिलीज कँडिडेट, म्हणजे चाचणीच्या आवृत्त्या) जातात.

सीव्हीईचं आता. फेब्रुवारी २०२४ पासून लिनक्स कर्नलची स्वतःची टीम सीव्हीई नंबर देते, आणि तो फिक्स स्टेबलमध्ये उतरल्यावरच मिळतो, आधी नाही. बहुतेकदा न मागताच मिळतो. राहून गेला असं वाटलं तर त्या टीमला पत्र लिहा. बायोडेटात नंबर टाकायची घाई असलेल्यांनी हे लक्षात घ्यावं.

आणि एक पत्र येईल ज्याने घाबरायचं नाही. मथळ्यात मोठ्या अक्षरांत ‘फेल्ड’ असतं. अर्थ एवढाच, की तुमचा पॅच एखाद्या जुन्या शाखेवर, समजा ५.१० वर, जसाच्या तसा बसला नाही. ती शाखा घ्या, गिट चेरी-पिक मायनस एक्स करा, अडकलेल्या ओळी हाताने सोडवा. मथळ्यात ५.१०.वाय लिहा, मजकुरात मूळ कमिटचा नंबर राहू द्या, आणि जुळवताना काय बदललं ते एका ओळीत सांगा. त्या शाखेवर बिल्ड करून, प्रोग्राम पुन्हा चालवून मगच पाठवा, ५.१० मध्ये तुमचा बग थोडा वेगळ्या वाटेने घडत असू शकतो.

मला ते पत्र मे महिन्यातल्या एका दुपारी आलं. लाईन गेलेली, इन्व्हर्टरवर एक पंखा आणि लॅपटॉप. अडकलेल्या ओळी सोडवायला वीस मिनिटं लागली. बिल्ड संध्याकाळी लावला, जेवणं आटोपेपर्यंत झाला, आणि या वेळी मी चारशेच्या वर फेऱ्या मारल्या.